खणाचे झुमके

ओटीत आलेला खण आमच्याकडं कुणी शिवत नाही. जरा आठवून बघा. हळदीकुंकवाला मिळतो, बारशाला मिळतो, लेक सासरी निघाली की तिच्या ओटीत पडतो, आणि घरी आला की ट्रंकेत जातो. तिथून दुसऱ्या कुणाच्या तरी ओटीत. फिरून फिरून त्याच्या घडीवर काळी रेघ पडते, पण त्याचं ब्लाउज काही होत नाही. शिवायला जावं तर बाहीला कापड पुरत नाही. म्हणून बायका तो पुढं ढकलतात आणि त्याला मान म्हणतात.

मी तो कापला. एवढंच केलं मी.

मी वैजयंती. गाव केम. सोलापुरात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मुलींच्या वसतिगृहात राहते. आबांनी मला बारावीनंतर शिकू दिलं ते एका अटीवर. वसतिगृह आहे तोवर कॉलेज. भाड्याच्या खोलीत पोरगी ठेवायची नाही आणि रोज रेल्वेनं जाऊ-येऊ द्यायचं नाही. वसतिगृह सुटलं तर माढ्याचं स्थळ थांबलेलं आहेच. मानसिंग नाव त्याचं. मला बघायला आला तेव्हा माझ्याकडं कमी आणि आमच्या विहिरीकडं जास्त बघत होता. तेव्हा माझा सगळा जीव त्या वसतिगृहाच्या लोखंडी कॉटमध्ये होता. कॉट गेली की मी गेले.

कॉलेजात ट्रॅडिशनल डे असतो. त्या दिवशी गावाकडची पोरगी कशी ओळखायची सांगू? ती सकाळपासून पोटात दुखतंय म्हणते. होटगी रोडच्या बंगल्यांतल्या पोरी प्रदर्शनातून खणाची जॅकेटं, खणाचे झुमके, खणाची पर्स घेऊन येतात, आणि आमच्या पोरी एकच पंजाबी ड्रेस ओढणी बदलून घालतात. मला त्याचा राग यायचा. खण आमचा, आमच्या आयांच्या ट्रंकेतला, आणि तोच काचेच्या कपाटात लावला की आम्हाला परवडत नाही.

मग मी सुरुवात केली. आईच्या जुन्या इरकलचा घेरदार स्कर्ट शिवला. यंत्रमागावरून निघालेल्या चादरीच्या तुकड्याचं बिनबाह्यांचं जॅकेट केलं, त्यावरचे मोर बरोबर पाठीवर आणले. आबांच्या पांढऱ्या सदऱ्याची कॉलर काढून त्याला खणाची पट्टी लावली. पण खरं चाललं ते झुमक्यांचं. वहीच्या जाड पुठ्ठ्याच्या चकत्या, त्यावर खण चिकटवायचा, कडेनं सोनेरी लेस, खाली मणी, वर हूक. हूक नवी पेठेतल्या एका दुकानातून आणायचे, पुडीत सुटे मिळतात ते, सगळ्यात स्वस्तातले. आणि खण आणायचे बसव्वाकडून.

बसव्वा अक्कलकोटाकडची म्हातारी. मंगळवार बाजाराच्या कोपऱ्यात जुन्या कपड्यांचा ढीग घेऊन बसायची. मला कानडीत लाडानं ‘यव्वा’, म्हणजे आई, म्हणायची आणि ढिगात हात घालू द्यायची. खण कुठून येतात ते मी कधी विचारलं नाही. देवळात ओटीचे खण साठले की ते विकतात, हे सगळ्यांना माहीत आहे. घराघरांतूनही येत असतील. कापड चांगलं होतं. हिरवं, गुलबक्षी, चिंतामणी रंगाचं. धुतलं की झळकायचं.

ट्रॅडिशनल डेच्या आधी वसतिगृहात माझ्या कॉटवर बसायला जागा नव्हती. ज्या पोरी एरवी माझ्या बोलण्याला हसायच्या त्या ‘वैजू, माझे आधी’ म्हणत होत्या. रेक्टर मॅडमनीसुद्धा मोबाईल ठेवायला खणाची पिशवी करून घेतली आणि टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली.

गाठ निघाली ती ट्रॅडिशनल डेच्या आदल्या दिवशी. हिरव्या खणाच्या एका कोपऱ्याला घट्ट गाठ होती, ती मी दातानं सोडवली. आत तांदळाचे दाणे, एक हळकुंड आणि हिरव्या बांगडीचा तुकडा. तांदूळ मी खिडकीतून चिमण्यांना टाकले, बाकीचं केरात, आणि खण बादलीत बुडवला. माझी खोलीतली जोडीदारीण भार्गवी हे बघत होती. तिचे वडील देवळात पुजारी. ती नुसती खाटेवर पाय वर घेऊन बसली.

त्या हिरव्या खणाचे झुमके बऱ्याच जणींना गेले. पद्मजाला सगळ्यात मोठे. पद्मजा अक्कलकोटच्या कारकुनाची मुलगी, नाकीडोळी देखणी, आणि त्या दिवशी तिनं चादरीचं जॅकेट आणि ते झुमके घातले तेव्हा होटगी रोडच्या पोरींनी येऊन विचारलं, कुठून घेतलंस गं? पद्मजानं लांबूनच माझ्याकडं बोट केलं. कॉलेजात मी त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून चालले.

दोन दिवसांनी पद्मजाचा कान खाजायला लागला. मग लाल झाला. मग आणखी एकीचा. झुमके बघितले तर हूक काळपट हिरवे पडले होते. मी सरळ सांगितलं, हूक खराब निघाले, काढा सगळ्यांनी, मी दुसरे लावून देते.

आणि तेव्हा भार्गवी बोलली. ती दुष्ट नाही हे आधी सांगते. ती घाबरली होती, आणि घाबरलेलं माणूस एकटं घाबरत नाही, त्याला सोबत लागते. तिनं सगळ्यांना गाठीचं सांगितलं. म्हणाली, जिवंत बाईच्या ओटीला अशी गाठ मारत नाहीत. सवाष्ण मेली की तिची ओटी भरतात, ती गाठ मारून देतात. तो खण सरणावर जायला हवा होता. कुणीतरी तो काढून घेतला आणि विकला.

मी म्हणाले, “माझी आई एसटीत तांदूळ सांडू नयेत म्हणून गाठ मारती. ती काय मेलीया व्हय?”

कुणी हसलं नाही. हसायला पाहिजे होतं. हसल्या असत्या तर तिथंच संपलं असतं.

भार्गवीनं आजीला फोन लावला, स्पीकरवर. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती, पण आवाज एकाच बाईचा होता. आजीनं सांगितलं, मेलेल्या सवाष्णीचं अंगावर आलेलं असं काढून टाकायचं नसतं. टाकलं तर ती मागायला येते. लग्न न झालेल्या पोरींचं तर फार वाईट. एकीनं विचारलं, मग घालून ठेवायचं का? आजी म्हणाली, ते मी कसं सांगू, आणि फोन ठेवला.

शिकलेल्या पोरी होत्या या. एक बी.एस्सी.ला मायक्रोबायोलॉजी करत होती. पू म्हणजे काय हे तिला पुस्तकातल्या आकृतीसकट येत होतं. तीही हात कानावर ठेवून खोलीत गेली आणि झुमके तसेच ठेवून झोपली. सगळ्यांनी तसंच केलं. आंघोळीला झुमके, जेवायला झुमके, कॉलेजला ओढणी कानावरून. कान सुजले तसे त्यांना वाटलं ती चिडली आहे. चिडली म्हणून तर काढायची आणखी भीती. आणि काढत नाहीत म्हणून कान आणखी सुजले.

माझ्या कानातही तेच झुमके होते. मला काही झालं नव्हतं, कातडीच निबर. मी म्हटलं, बघा, माझं बघा. तर बी.एस्सी.वाली हळूच म्हणाली, जिनं आणलं तिला ती कशाला काही करेल?

त्या दिवसापासून मी जेवणाच्या खोलीत गेले की बाकावर जागा व्हायची. माझ्यासाठी नाही. माझ्यापासून.

मी मंगळवार बाजारात गेले. मला बसव्वाच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, खण देवळातलेच आहेत एवढंच, म्हणजे ते रेकॉर्ड करून सगळ्यांना ऐकवता आलं असतं. बसव्वा ढीग लावत होती. मी विचारलं तशी तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या मोबाईलकडं.

“देवळातलं येतंय, घरातलं येतंय, घाटावरचं येतंय,” ती म्हणाली. “समदं एका गाठोड्यात येतंय, यव्वा. कापडाला काय तोंड हाय का सांगायला?”

मी विचारलं, घाटावरचं म्हणजे? सरण जळतं त्या घाटावरचं? तिनं गाठोडं बांधायला घेतलं, अजून ऊनही चढलं नव्हतं तरी. पुढच्या मंगळवारी तिची जागा रिकामी होती. शेजारच्या चपलावाल्याला विचारलं तर तो म्हणाला, गेली असंल गावाला, नाहीतर गेली असंल. आणि स्वतःच हसला.

त्या दिवशी मी चालतच परत आले. सोलापूरच्या उन्हात. मी भुताला मानत नाही. हे मी पूर्ण रस्ताभर स्वतःला सांगत होते. जे मानत नाहीत त्यांना इतक्या वेळा सांगावं लागत नाही, हेही मला कळत होतं.

पद्मजाला ताप भरला. कान इतका सुजला की हूक आत बुडाला, वर फक्त हिरवी चकती. रेक्टर मॅडमनी तिला जवळच्या डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं. बाईंनी चिमटा हातात घेतला तशी ही किंचाळून खुर्चीखाली शिरली. गोळ्या घेऊन परत आली. जबडा उघडत नव्हता, पाणी बाजूनं गळत होतं. मी पाणी घेऊन गेले तर दोघीजणी दारात उभ्या राहिल्या.

संध्याकाळी रेक्टर मॅडमनी मला बोलावलं. एम.एस्सी., बी.एड. झालेल्या बाई. भिंतीवर सर्टिफिकेटं. म्हणाल्या, वसतिगृहात धंदा करायला बंदी आहे हे तुला माहीत होतं. तुझ्या वडिलांना फोन केलाय. रविवारी न्यायला येताहेत. सामान बांधून ठेव.

माझ्या डोळ्यांपुढं आबा आले नाहीत. आमची विहीर आली, आणि तिच्याकडं बघत उभा असलेला मानसिंग.

मी म्हणाले, मॅडम, मला काढा, पण आधी पद्मजाला मोठ्या दवाखान्यात न्या. हूक काढला नाही तर पोरगी जाईल. त्या म्हणाल्या, तिच्या वडिलांना कळवलंय, ते येऊन ठरवतील. बोलताना त्यांची नजर कोपऱ्यातल्या देव्हाऱ्याकडं गेली. मीही बघितलं. देवीच्या फोटोपुढं मी शिवलेली मोबाईलची पिशवी ठेवली होती. तिला हळदकुंकू लावलेलं होतं. मोबाईल मात्र टेबलावर उघडाच पडला होता.

म्हणजे या बाईसुद्धा. नियमबियम सगळं वरचं. आत तेच, जे पद्मजाच्या कानात होतं. मला इतकी चीड आली की भीती क्षणभर बाजूला झाली, आणि त्या क्षणात मी खोटं बोलले.

“माझ्या आईनं सांगितलंय,” मी म्हणाले, “ज्या हातानं दिलं त्याच हातानं परत घ्यायचं. दुसऱ्या कुणी काढलं तर बाधतं. मी घेतलं की ते माझं. मग कुणाला कायी न्हाय.”

आईशी माझं बोलणंच झालं नव्हतं. असं काही शास्त्र माझ्या ऐकण्यात नव्हतं. भार्गवीच्या आजीनं सुटकेचं दार बंद करून ठेवलं होतं, मी हातानं एक नवं दार केलं.

मॅडमनी देव्हाऱ्याकडं पुन्हा एकदा बघितलं. मग खुर्ची थोडी पुढं घेतली. “सगळंच घेता येतं? म्हणजे... नुसतं कानातलंच नाही?”

“समदं,” मी म्हणाले. “पर मी हितं राहिले तर. मी गावाला गेले तर ते माझ्यासंगं येईल का हितंच राहील, आईला ठाऊक न्हाय.”

त्यांनी फोन उचलला आणि माझ्यादेखत आबांना सांगितलं की काही गैरसमज झाला होता, येऊ नका. एम.एस्सी., बी.एड.

जेवणाच्या खोलीत मी टेबलावर गरम पाणी, कापूस आणि सॅव्हलॉन ठेवलं. आईनं लाडू दिले होते तो स्टीलचा डबा मोकळा करून मध्ये ठेवला. पोरी भिंतीला धरून उभ्या. त्यांना वाटत होतं मी काहीतरी म्हणेन. मंत्र वगैरे. मला परवचासुद्धा धड येत नाही. म्हणून मी एकेकीचं नाव घ्यायची, कापसानं कान भिजवायची, हूक हळूच फिरवून काढायची, डब्यात टाकायची आणि म्हणायची, मी घेतलं. तेवढंच. डब्यात प्रत्येक वेळी टण् आवाज यायचा आणि जिचे झुमके असतील ती मोठ्यानं श्वास सोडायची. बी.एस्सी.वाली माझ्या पाया पडली. मी पाय मागं घेतले, तर ती आणखीच घाबरली.

भार्गवीचे झुमके आधीच्या गुलबक्षी खणाचे होते, तरी भीतीनं तिनंही ते काढले नव्हते. ते काढताना तिनं माझं मनगट धरलं. म्हणाली, खरंच आईनं सांगितलं ना गं? मी हो म्हणाले. हे दुसऱ्यांदा सांगताना मला ते पहिल्याइतकं खोटं वाटलं नाही.

पद्मजाला दोघींनी धरून आणलं. अंग चटचट भाजत होतं. एका कानातला लगेच निघाला, सुजलेल्या कानावर मी बराच वेळ गरम पाण्याचा कापूस धरून बसले, खपली सुटेपर्यंत. ती डोळे मिटून होती. मी हूक धरला तेव्हा तिनं डोळे उघडले आणि माझ्या खांद्यावरून मागं बघितलं.

“ती तुझ्या मागं उभी आहे,” पद्मजा मिटल्या दातांतूनच म्हणाली. “हिरव्या लुगड्यातली.”

माझ्या मागं भिंत होती. पोरी समोर होत्या, आणि त्यांतल्या एकीनंही माझ्या मागं बघितलं नाही. सगळ्या जमिनीकडं बघत होत्या. मीही मागं वळले नाही. मी हूक ओढला. पू आणि रक्त माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं, पद्मजा ओरडली, आणि झुमका डब्यात पडला. मी घेतलं, म्हणाले. आवाज माझा होता, पण मानेवर मागून कुणी फुंकर घालावी तसं झालं. पंखा असेल. पंखा चालू होता का ते मी बघितलं नाही.

शेवटी माझे स्वतःचे झुमके राहिले. ते मी कुणाला देणार? मीच काढले, मीच टाकले. काय म्हणायचं ते सुचलं नाही. झाकण लावलं.

त्याच रात्री मॅडमनी पद्मजाला रिक्षातून मोठ्या दवाखान्यात नेलं. आता त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. सलाइन, इंजेक्शनं, कानाला चीर. पाळीला खाच राहिली, पण पोरगी वाचली. डॉक्टरांनी विचारलं म्हणे, इतके दिवस काढलं का नाही? तर मॅडम म्हणाल्या, आजकालच्या मुली ऐकत नाहीत.

आबांचा फोन आला. काय झालं होतं गं, म्हणाले. मी म्हणाले, कायी न्हाय. माढ्याची मानसं इचारत्यात, म्हणाले. मी म्हणाले, परीक्षा हाय, आबा. ते बरं म्हणाले. माझी कॉट राहिली.

इथं संपायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडीचं गाणं ऐकू आलं. मी डबा घेऊन खाली गेले. चांगला डबा होता, पण तोही टाकणार होते. जिन्यात भार्गवी उभी होती. डब्याकडं बघून तिचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, टाकायचं नाही ना गं? तू घेतलंस ना? मी म्हणाले, व्हय, टाकत न्हाय, कचरा टाकायला चालले. आणि हातात कचरा नव्हता. मी डबा घेऊन परत वर आले.

त्यानंतर मॅडम व्हरांड्यात भेटल्या की हळू आवाजात विचारतात, आहे ना जवळ? आता मोबाईलची ती पिशवीही त्याच डब्यात आहे. मी कॉलेजला गेले की खोलीत कुणीतरी येतं. एकदा डब्यावर कुंकवाचं बोट होतं. एकदा सुपारी. परवा माझ्या कॉटखाली नारळ सापडला. मी तो फोडून खाल्ला, सगळ्यांसमोर, आणि खोबऱ्याचा तुकडा पुढं केला तर कुणी हात लावला नाही. माझ्याशी आता कुणी वाईट बोलत नाही. नळावर मला आधी पाणी भरू देतात. बाकावरची जागा तेवढी भरत नाही.

होटगी रोडच्या एका पोरीनं विचारलं, पर्स करून देशील का? कात्री घेऊन बसले. उरलेल्या खणांचे चारही कोपरे आधी चाचपले. गाठ नव्हती. तरी पुन्हा चाचपले. मग कात्री ठेवून दिली.

डब्यात काय आहे ते मला माहीत आहे. वहीचा पुठ्ठा, फेव्हिकॉल, मणी, गंजके हूक. ते शास्त्र मी रचलंय, माझ्या तोंडानं, मॅडमच्या टेबलासमोर, वसतिगृह वाचवायला. हे जगात कुणाला माहीत असेल तर मला.

रोज सकाळी घंटागाडी येते. रोज मी डबा घेऊन खाली जाते, कुणी उठायच्या आत. गाडीवरच्या बाईला आता मी ओळखीची झाले. ती हात पुढं करते.

“टाकायचं का न्हाय, ताई?”

“उद्या,” मी म्हणते. मग जिना चढताना झाकणावर हात दाबून धरते, आणि मागं बघत नाही.